हैबतीला वर आणायचं की नाही

भोर, सोमवार, १३ मार्च १९३९

आज अखेर नक्की झालं. माझ्या ‘सातव्या पाण्याचं राज्य’वर बोलपट निघणार. पुस्तक निघून अठरा वर्षं झाली आणि तेव्हापासून हे तिसऱ्यांदा ‘नक्की’ होतंय. पहिली मुक्या सिनेमाची कंपनी होती, ती करार व्हायच्या आतच बसली. दुसरीने जळराजाचा मुकुट करवून घेतला, आणि तोच मुकुट घालून दुसऱ्याच चित्रात कुठला तरी दैत्य उभा केला. या खेपेला दिग्दर्शक आनंदराव स्वतः पुण्याहून आले आणि सही करून गेले. वर्गात सांगितलं तर पोरांनी असा गलका केला की हेडमास्तर छडी घेऊन धावत आले. कारण कळल्यावर छडी पाठीमागे धरून विचारू लागले, गुरुजी, आम्हाला पास मिळेल ना?

गोष्ट या भागात कुणाला सांगायला नको, पण माझी मलाच पुन्हा लिहावीशी वाटते. बकुळाचा धाकटा भाऊ हैबती नदीवर खेळत असताना जळराजा त्याला खाली नेतो. बकुळा एकामागून एक सात पाण्यांतून उतरते. सातव्या पाण्याखालच्या नगरीत तो तिला सापडतो, पण तो तिथे रमलेला असतो, तिला ओळखतच नाही. ती एकटी वर येते. शेवटचं पान वाचून वाचनालयात चांगले मिशाळ गृहस्थ डोळे पुसतात, हे मी पाहिलं आहे. पोरं तर नीरेच्या डोहात बुड्या मारून हैबती-हैबती खेळतात.

घरी येऊन मंडळींना सांगितलं. ही ज्वारी निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, “सिनेमात त्ये पोरगं वर येतंय का?”

मला हसू आलं. म्हटलं, पुस्तकात येत नाही तर सिनेमात कसं येईल? “म्या आपलं इचारलं,” म्हणाली आणि पुन्हा सुपात बघू लागली. हिला वाचता येत नाही. मीच एकदा सगळं पुस्तक वाचून दाखवलं होतं. इतकी वर्षं लेखकाच्या घरात आहे, पण वाङ्मय म्हणजे काय ते हिच्या गावीही नाही.

रविवार, २६ मार्च

आनंदरावांना जळनगरीसाठी जागा हवी होती. स्टुडिओतल्या कापडी पाण्याला ते कंटाळलेत. त्यांना घेऊन भाटघरला गेलो. धरणाच्या भिंतीवर उभे राहून ते पाण्याकडे बघत होते तेव्हा मला एकदम सुचलं. जांभळवाडी!

जांभळवाडी हे हिचं माहेर. नवी भिंत झाली आणि पाणी चढलं तेव्हा गाव खाली गेलं, माणसं वर टेकाडावर येऊन राहिली. पण दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी देवळाचा कळस दिसतो, मग सगळं देऊळ, मग घरांची जोती, विहिरीचा कठडा, वाळलेल्या आंब्याचं खोड. सगळ्यावर राखाडी गाळ, त्याला हातहात भेगा. पाताळ म्हणजे आणखी काय असतं? वैशाखी पौर्णिमेला गावची माणसं जुन्या देवाला नैवेद्य घेऊन खाली उतरतात. हीही न चुकता जाते, सकाळी जाते ती दिवेलागणीला परत येते.

मी हे वर्णन केलं तेव्हा आनंदरावांनी मला मिठीच मारली. म्हणाले, गुरुजी, हे तुम्ही अठरा वर्षं कुठे लपवून ठेवलं होतं?

घरी सांगितलं. हिने एवढंच विचारलं की नगरी नेमकी कुठं बांधणार. मी म्हटलं, देवळाजवळ सपाटी आहे, तिथे कुठेतरी. माहेर पडद्यावर दिसणार, दुसरी कुणी असती तर गल्लीभर सांगत फिरली असती. ही चूल फुंकत बसली.

रविवार, २ एप्रिल

आज हेडमास्तरांनी डोकं उठवलं. चहा पिता पिता म्हणतात, “गुरुजी, हैबती म्हणजे तुमचा गेनू ना?” मी ताडकन ‘नाही’ म्हणालो. जरा जास्तच जोरात म्हणालो बहुतेक.

आता इथे लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको. गेनू मानमोडीच्या तापात गेला, सन अठराला. चार वर्षांचा होता. मी पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात होतो, ही त्याला घेऊन जांभळवाडीला होती. मला निरोप मिळून मी पोचलो तोवर सासऱ्यांनी सगळं उरकलं होतं. एवढ्या लहानाचं दहन करत नाहीत, पुरतात. कुठे, ते मी विचारलं नाही. विचारून काय करायचं होतं? आम्हाला पुढे मूल झालं नाही. तीन वर्षांनी मी पुस्तक लिहिलं. त्यात बहीण आहे, राजा आहे, सात पाणी आहेत. आमच्या घरात यातलं काय होतं? लोकांना वाटतं लेखक म्हणजे नुसता हमाल, घरातलं उचलून पुस्तकात ठेवणारा.

रविवार, १६ एप्रिल

आनंदरावांनी आज पटकथा वाचून दाखवली. सहाव्या पाण्यापर्यंत सगळं छान आहे, मी दोनदा वाहवा म्हणालो. पण सातव्या पाण्यात हैबती बहिणीला ओळखतो! दोघं हातात हात घालून वर येतात, काठावर गाव जमतो, ढोल वाजतात, गाणं होतं, खेळ खलास.

मी म्हटलं, हे माझं पुस्तक नव्हे. ते हसत म्हणाले, “गुरुजी, पाच आण्याचं तिकीट काढून आलेल्या माणसाला रडवून घरी पाठवू नये.” मी म्हटलं, अठरा वर्षं लोक विकत घेऊन रडताहेत.

तेवढ्यात हिने चहा आणला. आणून जाते की नाही! दारात उभी राहून आनंदरावांना म्हणते, “दादा, तुमी आनताय व्हय त्याला वर?”

“आणतो, वहिनी.”

“लई बरं करताय.”

आनंदरावांनी माझ्याकडे असं बघितलं की खटला तिथेच निकाली निघाला. माझ्याच घरात, माझ्याच चहावर, माझ्याविरुद्ध साक्ष. ते गेल्यावर मी तिला बोललो. म्हटलं, ज्यातलं कळत नाही त्यात तोंड घालू नये.  तिने कपबशा विसळायला नेल्या.

शनिवार, २९ एप्रिल

चार दिवस झाले, खाली नगरी उभी राहतेय. बांबू, तट्ट्या, वर प्लास्टर आणि रंग. मोठा दरवाजा तर असा झालाय की मीच लिहिलेला असून मला आत जायची भीती वाटते.

आज कोंडिबा आला होता. हिचा धाकटा भाऊ, टेकाडावर शेती करतो. मोकळं बोलणारा गडी, पण आज टोपी काढून हातात फिरवत बसला होता. म्हणाला, “दाजी, त्यो दरवाजा आंब्याच्या खोडापासनं जरा अलीकडं घ्याया सांगा की त्या लोकास्नी.”

“का रे?”

“आक्काची बसायची जागा हाय ती. दर साली तितंच बसती.”

म्हटलं, वर्षातून एकदा बसायचं तर देवळाची पायरी आहे की. तो माझ्याकडे बघत राहिला. “तुमाला ठावं न्हाई व्हय?”

“काय?”

“ऱ्हाऊ द्या. आक्काच सांगंल कवातरी.”

या माणसांचं हे असंच. अर्धं बोलायचं आणि उठायचं. तरी आनंदरावांच्या कानावर घालायचं ठरवून गेलो होतो. पण तिथे शेवटाचाच विषय निघाला. बऱ्याच वादानंतर ते एवढ्यावर आले की दोन्ही शेवट घेऊन ठेवू, मग बघू. म्हणजे अर्धा गड हाती आला. अशा वेळी दरवाजा हलवा म्हणून दुसरं मागणं पुढे केलं असतं तर पहिलं गेलं असतं. म्हणून बोललो नाही.

बुधवार, ३ मे, वैशाखी पौर्णिमा

जांभळवाडीची माणसं नैवेद्य घेऊन उतरली. मी आनंदरावांबरोबर छत्रीखाली बसलो होतो. हिने देवाला नैवेद्य दाखवला, मग हातात एक लहानसं गाठोडं घेऊन दरवाजाकडे गेली. तिथे प्लास्टरची पोती रचलेली होती, माणसं त्यावरून ये-जा करत होती. रंगाऱ्यांचा मुकादम ओरडला, “ओ बाई, बाजूला व्हा, रंग ओला आहे.” ती बाजूला झाली. थोडा वेळ उभी राहिली आणि परत येऊन देवळाच्या पायरीवर बसली. म्हणजे मी म्हटलं तसंच झालं, पायरीवर काही बिघडलं नाही. दिवसभर बसली होती.

गाठोड्यात गुळाच्या दशम्या होत्या, त्या तशाच परत आणल्या. संध्याकाळी मी दोन खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.

मंगळवार, ९ मे

आज आनंदरावांचा शेवट घेतला. देवळापुढे नदीचा एक डोह अजून शिल्लक आहे. त्यात कंपनीच्या पोराने बुडी मारायची, आणि काठावर बकुळा हात पुढे करील तेव्हा वर यायचं. पोरगं पुण्याचं, लाडावलेलं. कधी लवकर यायचं, कधी नाकात पाणी जाऊन खोकत यायचं, एकदा वर येऊन सरळ कॅमेऱ्याकडेच बघून हसलं. सकाळपासून ऊन कलेपर्यंत ते खाली जात होतं आणि वर येत होतं.

ही कोंडिबाबरोबर आली होती. मी बोलावलं नव्हतं. पाण्याच्या अगदी कडेला बसून होती. पोरगं खाली गेलं की हिचा हात तोंडावर जायचा आणि वर आलं की खाली यायचा. हसू आलं मला. दर खेपेला तेच, जसं काही आधीच्या खेपेला ते वर आलंच नव्हतं.

काम संपल्यावर पोरगं कुडकुडत उभं होतं. हिने पुढे होऊन पदराने त्याचं डोकं पुसलं, कान पुसले, मानेमागे पुसलं. खायला दशमी दिली. पोराने ती उभ्या उभ्या खाल्ली आणि आणखी मागितली. इतक्या वर्षांत हिला इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. परतताना बैलगाडीत सखूबाईला, शेजारणीला, सांगत होती, “आलं गं वर. म्या पाह्यलं. म्याच पुसलं त्याला.”

म्हटलं, चला, सिनेमात रस तरी वाटू लागला.

शनिवार, २० मे

जिंकलो! दुपारी आनंदरावांना स्पष्ट सांगितलं, तुमचा शेवट ठेवायचा तर चित्रावरून माझं नाव काढा आणि पुस्तकाचंही काढा. ते चिडले, मग बराच वेळ सिगारेट ओढत फेऱ्या मारल्या, मग म्हणाले, “ठीक आहे. पुस्तक तुमचं आहे. बकुळा एकटी वर येईल.”

इतक्या वर्षांत एवढा आनंद झाला नव्हता. बाजारातून पेढे आणले. हिने विचारलं, कशाचे? म्हटलं, काम संपलं म्हणून. शेवटाचं काही सांगितलं नाही. सांगून उगीच रुसवेफुगवे. आणि खरं तर, हिला तो फरक पडद्यावर कळेल असं मला वाटलं नाही.

रविवार, १८ जून

पाऊस लागला. कोंडिबा सांगत होता, नगरीच्या तट्ट्या कंपनीने नेल्या, पण दरवाजाचं प्लास्टर तिथेच टाकून गेले. पाणी चढलं की विरघळेल म्हणाले.

रविवार, २६ नोव्हेंबर

लढाई सुरू झाल्याने चित्र लांबलं होतं, ते पुण्याला लागलं आणि आज भोरला आलं. दुपारचा खेळ खास आमच्या गावासाठी ठेवला होता. मला हार घातला. हेडमास्तरांनी भाषण केलं. सगळी जांभळवाडी टेकाडावरून उतरून आली होती. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. ही पुढच्याच बाकावर होती, नवं लुगडं नेसून. सगळ्या बायकांना तिनेच गोळा करून आणलं होतं, हे मला नंतर कळलं.

चित्र चांगलं झालं आहे. खरंच चांगलं झालं आहे. जळनगरीचा दरवाजा आला तेव्हा लोक पुढे सरकले. शेवट आला. बकुळा काठावर येते, मागे वळून पाण्याकडे बघते. थिएटरात हुंदके ऐकू येऊ लागले आणि माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात बायकांच्या बाजूने हिचा आवाज आला, अगदी स्वच्छ, “थांबा गं, रडू नगा. आता येतंय.”

पाणी दिसलं. नुसतं पाणी. मग अक्षरं आली आणि दिवे लागले.

लोक उठले. मला खांद्यावर घेताहेत की काय असं झालं होतं. ही जागची हलली नाही, पडद्याकडे बघत बसली होती. सखूबाई तिला उठवत होती. ही तिला म्हणत होती, “आजून हाय. त्ये ऱ्हायलंय दाखवायचं.”

मी जवळ गेलो. म्हटलं, संपलं, चल. तिने माझ्याकडे बघितलं.

“म्या पाह्यलं हुतं,” ती म्हणाली. “वर आलं हुतं त्ये. तुमी बी हुता की तितं.”

म्हटलं, तो भाग काढून टाकला.

“कुनी?”

सगळे ऐकत होते. मी म्हटलं, मी.

सोमवार, २७ नोव्हेंबर

आज शाळेत गेलो नाही. सकाळी कोंडिबा आला. ओसरीवर बसला नाही, उभ्यानेच बोलला. गेनूला आंब्याखाली ठेवलंय. सासऱ्यांनी ती जागा निवडली कारण तो त्या आंब्याखाली खेळायचा. पाणी चढायच्या आधी ही दर अमावस्येला जायची. पाणी चढल्यापासून उन्हाळ्यातच काय ती जागा उघडी होते, तेव्हा वैशाखी पौर्णिमेला जाऊन बसते, दशमी ठेवते आणि दिवसभर त्याच्याशी बोलते. यंदा तिथे दरवाजा होता.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? तो म्हणाला, “आक्का म्हनायची, त्यांनी कदी इचारलं न्हाई. इचारतील तवा सांगीन.”

एकवीस वर्षं ती वाट बघत होती की मी विचारीन. आणि मी लोकांना रडवणारा लेखक म्हणून हार घालून घेत होतो. मला माझी लाज वाटते. दुसरा शब्द नाही. आनंदरावांना लगेच पत्र टाकलं की तो शेवट परत जोडा, माझं नाव हवं तर काढा, मी लेखी देतो.

शुक्रवार, १ डिसेंबर

ही बोलते. जेवायला वाढते, पाणी तापवते, शाळेची वेळ झाली म्हणून सांगते. रागावली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी मात्र देवापुढे दिवा लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुमीच लिवलंय न्हवं समदं? मंग तुमाला येत हुतं की त्याला वर आनता.”



रविवार, ३ डिसेंबर

आनंदरावांचं उत्तर आलं. कापलेल्या फिती कंपनी ठेवत नाही, सेल्युलॉइडच्या बांगड्यांच्या कारखान्याला वजनावर विकते. त्या फिती दिवाळीआधीच गेल्या. खाली त्यांनी लिहिलं आहे, गुरुजी, शेवट तुमचाच बरोबर होता, पुण्यात लोक रडताहेत.

दिवसभर बसून मी शेवटचं पान पुन्हा लिहिलं. पाण्यावर बुडबुडे येतात. बकुळा हात पुढे करते. हैबती वर येतो, तिला ओळखतो, ती पदराने त्याचं डोकं पुसते.  लिहून झाल्यावर हिच्याजवळ जाऊन बसलो आणि वाचून दाखवलं. तिने हातातलं काम ठेवलं आणि नीट ऐकलं.

“हे आत्ता लिवलं?”

“हो.”

“माज्यासाटी?”

“हो.”

तिने पुन्हा काम हातात घेतलं. मग म्हणाली, “तवा त्ये आपलं आपन आलं हुतं. आता तुमी आनलं म्हून आलंय.”

मी म्हटलं, वैशाखात मला घेऊन चल. मला जागा दाखव. तिने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. खिडकीतून भाटघरच्या बाजूला बघत तिने विचारलं, “आता आंब्यावर किती पानी असंल वो?”

 सातही पाण्यांची खोली मी पुस्तकात लिहिली आहे, पण आपला मुलगा कुठे आहे हे मला याच आठवड्यात कळलं. त्याच्यावर किती पाणी असतं ते मी कधी बघितलेलं नाही.